डंकाची पावलं

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो, हे ते ह्यांच्या मनगटावर चढेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मुलीनं पुण्याहून येताना आणलेलं काळं चौकोनी घड्याळ. ह्यांचं मनगट आजारपणात उतरलेलं, त्यामुळे पट्टा शेवटच्या भोकात घालूनही सैल राहिला आणि कडेनं तो उजेड दिसला. "हे आत काय पेटलंय गं?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "ते बघतंय आई. कातडीखालून रक्त कसं जातंय ते बघतंय." मग तिनं बोटानं पडदा सरकवला. तिथं एक चिमुकलं लाल हृदय उघडझाप करत होतं आणि त्याच्या बाजूला आकडा होता. आकडा जरा वर जायचा, जरा खाली यायचा. मी हातातला चहा तसाच धरून उभी राहिले.

मी नोकरीभर शाळेत विज्ञान शिकवलं. एका बाजूला लाल खडू, दुसऱ्या बाजूला निळा, चार कप्पे, झडपा, बाण, असं हृदय मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की डोळे झाकूनही काढीन. पण ज्या माणसाबरोबर सगळा संसार केला, त्याचं हृदय आत्ता, ह्या क्षणाला, तो स्वयंपाकघरात पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन बसलेला असताना काय करतंय, हे मी पहिल्यांदा बघत होते. मला भरून आलं. ह्यांना मात्र वेगळीच चिंता. "चटणीत खराब हुईल की गं हे," म्हणाले.

चटणीची काळजी खरी होती, कारण आमचा मिरचीचा डंक आहे. कळंब्याच्या रस्त्याला खाली दुकान, वर घर. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी चौकटीत मुसळं एका रांगेत उभी असतात. मोटर सुरू केली की ती आळीपाळीनं वर जातात आणि खालच्या उखळांत आदळतात. उन्हाळा लागला की बायका ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या वाळवून, मसाले भाजून आणतात आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून नेतात. दिवसभर धप धप धप. जमीन हलते, वरच्या मजल्यावर मांडणीतली भांडी वाजतात. ह्या आवाजात जन्म गेल्यानं आमचे हे साधं "मीठ दे" म्हणतात तेसुद्धा समोरच्या बिल्डिंगला कळतं.

असा हा गडगडाट करणारा माणूस दसऱ्यानंतर एका सकाळी कळंब्याच्या तळ्यावर बसला तो उठेना. फिरायला जायची सवय जुनी. बांधावरून जाऊन यायचं, वाटेत राजकारण उकरून काढायचं, मोठ्यानं भांडायचं, भूक लावून घेऊन घरी यायचं. त्या दिवशी ह्यांच्या फोनवरून मला फोन आला, आवाज परका. "वहिनी, पावणं हितं बांधावर बसल्यात. घामाघूम झाल्यात. तुम्ही या लवकर, आम्ही रिक्षात घालतोय." मी पोचले तेव्हा रिक्षा निघूनही गेली होती. बांधावर ह्यांची एक चप्पल होती. ती मी पिशवीत घातली आणि दवाखाना गाठला.

हृदयाच्या नळ्यांत दोन ठिकाणी स्प्रिंगा घातल्या. डॉक्टरांनी मला आणि मुलीला आत बोलावून सांगितलं की जीव वाचलाय, पण हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय. औषधं देऊ, बाकीचं त्यांनी करायचं. रोज चालायचं, हळूहळू वाढवत. चालले तर स्नायू पुन्हा जोर धरेल. बसून राहिले तर आहे तेही हळूहळू जाईल. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. मी मान हलवली. मनात म्हटलं, चालायचंच ना, मग काय अवघड आहे? ह्या माणसाला बसवणंच अवघड असतं.

आणि हे बसले. म्हणजे खरोखरच बसले. वरून उतरायचे, दुकानातल्या खुर्चीत बसायचे, जेवायला वर यायचे, पुन्हा खुर्चीत. "आज जाऊन येऊ या का कोपऱ्यापर्यंत?" विचारलं की कधी ऊन असायचं, कधी गिऱ्हाईक, कधी पोट जड. पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय काका, चालताय ना रोज?" हे खणखणीत आवाजात म्हणाले, "चालतंय की!" डॉक्टर नागपूरकडचे. ते खूश. "वा, छान, असंच चालू ठेवा," म्हणून कागदावर लिहूनही टाकलं. आता, चालतंय की म्हणजे आमच्याकडे ठीक आहे, भागतंय, काही तक्रार नाही. जेवण कसं झालं, चालतंय की. धंदा कसा आहे, चालतंय की. त्यात पाय कुठंच येत नाहीत. मी डॉक्टरांना समजावून सांगेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. रिक्षात मी ह्यांची चांगली खरडपट्टी काढली. मुलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, थांब, मी बघते. पुढच्या शनिवारी ते घड्याळ आलं.

घड्याळानं पहिल्या दिवसापासून ह्यांच्याशी वैर धरलं. थोडा वेळ बसलं की ते मनगटावर थरथरायचं आणि पडद्यावर उठून उभं राहायचं चित्र यायचं. "ह्यो कोण मला उठवणारा?" हे ओरडायचे. पण आठवड्याभरात चमत्कार झाला. संध्याकाळी मुलीचा फोन, "आई, पप्पा आज चक्क चाललेत! माझ्या फोनवर दिसतंय." दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. ठरवलेली पावलं पूर्ण झाली की घड्याळात फटाके उडायचे, ते ह्यांनी मला दाखवले. मी विचारलं, "कधी चाललासा? मला तर दिसला नाहीसा." हे म्हणाले, "तू वर असतीस. घड्याळ खोटं बोलतंय व्हय?" यंत्रावर माझा विश्वास. मी देवापुढं साखर ठेवली, माहेरी फोन करून सांगितलं. मुलीनं तर ऑफिसात पेढे वाटले.

मग एक दिवस खांबावर काम निघालं म्हणून सकाळपासून लाईट गेली. ऐन हंगामात डंक बंद. मिरच्यांची पोती तशीच पडून. संध्याकाळी मुलीचा काळजीचा फोन आला की पप्पांना बरं नाही का, आज ते जवळजवळ चाललेच नाहीत. मी ह्यांच्याकडं बघितलं. सकाळपासून हे त्याच खुर्चीत होते, रोज असतात तसेच. लाईट गेल्यावर पंखा बंद पडतो, मिक्सर बंद पडतो, नवरा चालायचा कसा बंद पडेल? ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर घड्याळ मी माझ्या मनगटावर चढवलं आणि खाली गेले. कामावरच्या दोघींनी डंक सुरू केला होता. मी ह्यांच्या खुर्चीत बसले. हे बसतात तसा डावा हात डंकाच्या चौकटीवर ठेवला. हादरा थेट कोपरापर्यंत आला. आणि पडद्यावर पावलं चढू लागली. मी खुर्चीत टेकून बसलेली, पाय पायावर टाकलेले, आणि घड्याळाच्या हिशेबानं मी झपाझप चालत सुटले होते. मुसळ आदळलं की पाऊल, आदळलं की पाऊल. मिरचीच्या धुरळ्यात घड्याळ लाल झालेलं आणि पाठीमागून तो हिरवा उजेड कातडीवर पडलेला. क्षणभर मला हसूच आलं. आमच्या डंकाला पाय फुटले होते आणि मुलगी पुण्यात पेढे वाटत होती.

हसू ओसरल्यावर संताप आला. हे डोकं पुसत खाली आले तेव्हा मी चौकटीवरचा हात न काढता नुसतं मनगट वर केलं. हे समजले. मी जे सुरू केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीला फसवलंत, मला फसवलंत, डॉक्टरांना फसवलंत, आणि यात मरणार कोण, मी का? डंकाच्या आवाजात मला आणखीनच ओरडावं लागत होतं. ह्यांनी पुढं होऊन बटण दाबलं. मुसळं थांबली. कामावरच्या दोघी चाळण्या घेऊन बाहेर सरकल्या.

"फसवलं न्हाय," हे म्हणाले. "पहिल्यांदा मला बी ठाव न्हवतं. आपोआप आकडा वाढाय लागला, मग म्हटलं वाढू दे." आवाज इतका लहान होता की मला पुढं वाकावं लागलं. "भ्या वाटतंय गं."

ह्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आमच्या दुकानात एकदा मोटर पेटली होती, तेव्हा हे ओलं पोतं घेऊन आत घुसले होते.

"चालाय लागलं की छातीत धडधडतंय," हे सांगत होते. "त्या दिवशी बी असंच धडधडाय लागलतं. धडधड वाढली की वाटतंय, आलं परत. मग पाय उचलतच न्हाय. हितं बसलं की बरं असतंय. डंक चालू असला की छातीतलं ऐकू येत न्हाय."

मी घड्याळ मनगटावरून काढलं. महिनोन्‌महिने हा माणूस स्वतःचं हृदय ऐकू येऊ नये म्हणून त्या हादऱ्यात हात घालून बसला होता, आणि मी वरच्या मजल्यावर ऊन, गिऱ्हाईक आणि जड पोट ह्या सबबींवर चिडत होते. मला ह्यांची इतकी दया आली की मी उगीचच उठून खुर्ची पुसली.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना बाहेर काढलं. म्हटलं, पावलं गेली खड्ड्यात, ती आपण बघायचीच नाहीत. फक्त हृदय बघायचं. मनगट वर धरायचं आणि चालायचं. गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कट्टा आहे, तिथपर्यंत. हे लहान मुलानं पाण्यात उतरावं तसं एकेक पाऊल टाकत निघाले. आकडा वर जाऊ लागला. नव्वद, मग शंभर, मग पुढं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "बघ, बघ, चढलं!" कट्ट्यावर आम्ही बसलो. मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "चढणारच. काम केल्यावर चढायलाच पाहिजे. आता काही करायचं नाही. डोळे न हलवता फक्त त्याच्याकडे बघत राहायचं."

आम्ही दोघं एका मनगटावर वाकून बसलो. समोरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यांचं काहीतरी हरवलंय. थोडा वेळ आकडा तिथंच घुटमळला. मग एकानं उतरला. मग आणखी एकानं. पुन्हा जरा चढला, हे दचकले, आणि मग तो सावकाश, एकेक पायरी उतरावी तसा उतरू लागला. शंभराच्या खाली आला. नव्वदच्या खाली आला. आम्ही काहीच करत नव्हतो. औषध नाही, मंत्र नाही, डॉक्टर नाही. मी पुस्तकात हे शिकवलंय, परीक्षेत दोन गुणांना विचारलंय, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला.

ह्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "डंक थांबवायचा तर बटण दाबाय लागतंय. ह्याला कोण दाबलं?"

मला उत्तर येत होतं. नसा, मेंदू, रसायनं, सगळं येत होतं. मी ते दिलं नाही. कारण ह्यांनी विचारलेला प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा होता. कुणीही न सांगता, आपल्याला न विचारता, जन्माच्या आधीपासून आत कुणीतरी कामावर हजर आहे. जखम झालेलं, दोन स्प्रिंगा घातलेलं, तरी हजर. आपण झोपतो, भांडतो, सिनेमा बघतो, आणि ते एक सुट्टी न घेता चढतं नि उतरतं. कट्ट्यावर बसून मला एकदम वाटलं की आपण उगीच देवळात डोकं टेकवतो, छातीवर हात ठेवला तरी पुरे.

त्यानंतर ह्यांना त्याचं वेडच लागलं. भीती गेली असं म्हणणार नाही, पण कुतूहल तिच्यापेक्षा मोठं झालं. चालायचं ते चढवण्यासाठी आणि बसायचं ते उतरताना बघण्यासाठी. आज कट्ट्यापर्यंत, उद्या पिठाच्या गिरणीपर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. गिऱ्हाईक बायकांनाही मनगट पुढं करून दाखवायचे, "ह्ये बघा, माझं काळीज. आता जिना चढून आलो म्हणून पळतंय. जरा थांबा, बघा कसं गप हुतंय." बायका मिरच्यांचं पोतं बाजूला ठेवून खरोखर बघत राहायच्या. एकीनं तर हात जोडले. खुर्ची आम्ही डंकापासून लांब, दारात नेऊन ठेवली.

सहा महिन्यांची तपासणी आली. ह्या वेळी डॉक्टरांनी प्रश्न विचारण्याआधीच मी म्हणाले, "डॉक्टर, पायांनी चालतात का, असं विचारा." मग तपासताना त्यांनी सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या-करड्या रंगात ह्यांचं हृदय समोर होतं. झडप उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. एका बाजूची भिंत अजून जरा आळशी होती, पण हलत होती. डॉक्टर म्हणाले, पंपिंग सुधारलंय, बरंच. ह्यांनी पडद्याला नमस्कार केला. यंत्रावर बसलेली तंत्रज्ञ हसली, पण मला हसू आलं नाही. मीही मनात तेच केलं होतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्या तळ्यावर जाऊ या." दसऱ्यापासून तिकडं कुणीच फिरकलो नव्हतो. मी म्हटलं, "कशाला? गल्लीत चालताय ते बरं आहे." हे म्हणाले, "आता भ्या न्हाय. बघायचं हाय एकदा, ती जागा."

सकाळी गेलो. तळ्यात पाणी आटून कडेचा चिखल उघडा पडला होता, बगळे उभे होते. बांधावर नेहमीची फिरायला येणारी मंडळी होती. दोघातिघांनी ह्यांना ओळखलं, पाठीवर थाप मारली. मी दर थोड्या अंतरानं विचारत होते, "आकडा सांगा." हे सांगायचे. त्या जागेपाशी हे थांबले. तिथं काहीच नव्हतं. वाळलेलं गवत, एक दगड. हे दगडावर बसले, मला शेजारी बसवलं. वाऱ्यावर बरं वाटत होतं. आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो. "आकडा सांगा," मी पुन्हा म्हणाले.

"माझं माझं काय लावलंयस?" हे वैतागले. "माझं गप झालंय कवाच. आण तुझा हात." आणि थट्टेथट्टेत घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलं, पट्टा घट्ट ओढला. हिरवा उजेड कातडीत गेला. लाल हृदय थोडा वेळ नुसतंच उघडझाप करत राहिलं, मग बाजूला आकडा आला.

ह्यांनी तो वाचला. डोळे बारीक करून पुन्हा वाचला. चेहऱ्यावरची थट्टा पार गेली.

"चालून आलो ना," मी म्हणाले.

"बसून किती येळ झालाय," हे म्हणाले. ह्यांनी माझं मनगट दोन्ही हातांत धरलं. रस्त्यावर, चार लोकांत, ह्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आकडा उतरत नव्हता. मला गवतात पडलेली ती एक चप्पल दिसत होती, आणि मी ती पिशवीत घालताना माझ्या डोक्यात काय आलं होतं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

ह्यांचा फोन वाजला. पुण्याहून मुलगी. ती कामावर निघता निघता आपल्या फोनवर वडलांचे ठोके बघत होती. आवाज इतका घाबरलेला की मलाही स्वच्छ ऐकू आला. "पप्पा, काय झालं? नुसते बसलाय आणि इतके ठोके? आई कुठंय? आई आहे ना जवळ?"

"माझं न्हवं ते," हे म्हणाले. हळू बोलत होते, माझ्याकडे बघत. "तुझ्या आईचं हाय. दसऱ्यापास्नं असंच पळत असणार बघ. आपण कुणी बघितलंच न्हाय."